सगळं बरोबर, पण सी कुठाय?

टण... टण... टण... आमच्या शाळेत घंटा नव्हती हो, कडुनिंबाले रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता, त्याच्यावर शिपाई सळई हाणे, अन् आवाज असा की सावनेरच्या बाजारात बसलेल्या माणसाचेही दात शिवशिवत! गणिताच्या तासाची घंटा होती ती, मी चौथीत होतो, मास्तरानं फळ्यावर अपूर्णांक लिहिला, वर एक आकडा, खाली एक आकडा, अन् दारात माझे वडील उभे. म्हणे, म्हशीमागं जायले कोणी नाही, चल. झालं! पाटी काखेत मारली अन् निघालो. तो अपूर्णांक तसाच राहिला फळ्यावर. तुम्हाले सांगतो, मले वाटलं सुटलो, जन्माचा सुटलो! अन् आज पाहा... सत्तरी उलटल्यावर, या गेटसमोर, या उकाड्यात, काठी टेकून ताटकळून राहिलो... कोणापायी? त्याच गणितापायी! एवढ्या वर्षांनी पत्ता शोधत माझ्या घरी आलं हो ते!

बसा ना ताई, इकडं सावली आहे. पेपर सुटायले वेळ आहे अजून. तुमचीही फेरपरीक्षा का? म्हणजे तुमच्या पोराची... हाव, आमचीही. माझ्या नातीची. गुंजन. बारावी. आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा किती बोलून राहिला! नाही हो. मी कमी बोलणारा माणूस. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म गेला माझा, तिथं मशीनच इतकी बोले की माणसानं तोंड उघडून फायदा नव्हता. आमची पंचफुला, म्हणजे घरची, सगळ्यांले सांगते, 'यांच्या तोंडातून हाव निघेपर्यंत चुलीवरचा भात करपते.' पण आज जे तुंबलं आहे ना पोटात, ते सगळं त्या सी-पायी!

सी म्हणजे कोण? वा! हेच मी विचारलं होतं...

काय झालं, मार्चात पोरगी गणितात गेली. जराशाच मार्कांनी. पंख्याकडं पाहत पडून राहिली. तिच्या बापानं, जितेंद्रनं, बोर्डातून पेपराची झेरॉक्स मागवली, अन् ते कागद घेऊन आम्ही तिघं नंदिनी मॅडमकडं गेलो. शिकवणीच्या मॅडम त्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान उलटलं. म्हणे, 'वा गं! हे बरोबर... हे पण बरोबर... किती छान मांडलंय!' जितेंद्र माझ्याकडं पाहते, मी जितेंद्रकडं पाहतो, वाटलं बोर्डाचीच काही गडबड झाली. अन् मॅडम थांबल्या. बोट ठेवलं. म्हणे, 'सगळं बरोबर, पण सी कुठाय?'

पुढचं पान. 'सगळं बरोबर, पण सी कुठाय?' त्याच्या पुढचं पान. 'अगं बाई, इथंही... सगळं बरोबर, पण सी कुठाय?'

जितेंद्र तडकला. त्याचं कूलरचं दुकान आहे, उन्हाळ्यात त्याले पाणी प्यायची फुरसत नसते, दुकान सोडून आलेला. म्हणे, 'मॅडम, एका अक्षरासाठी पोरगी नापास?' मॅडम म्हणे, 'एका अक्षरासाठी नाही हो, दर वेळी त्याच एका अक्षरासाठी.'

घरी आल्यावर जितेंद्रनं फैसला सुनावला. 'हे पाह गुंजन, एक चान्स. जुलैत निघाली तं अमरावतीले इंजिनिअरिंगले टाकतो, होस्टेलवर. नाही निघाली तं कळमेश्वरले माझ्या ओळखीची कंपनी आहे, पॅकिंगले माणसं पाहिजेत, तिथं लागायचं. मंग गणिताचं नाव नाही काढायचं.' पंचफुला आतून म्हणे, 'पॅकिंगले? माझी नात खोक्याले चिकटपट्टी लावन?' जितेंद्र म्हणे, 'तुझ्या नातीनंच लावून घेतली ना आई, मी का लावली?' पोरगी नुसती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरून राहिली. अन् दुपारी सगळे निजल्यावर माझ्या खाटेजवळ आली. म्हणे, 'आबाजी, तुम्ही माझ्याजवळ बसता का?'

'मी बसून काय करू वं? मले वजाबाकी हातचा घेऊन येत नाही धड.'

'काही नाही करायचं. नुसतं पाहायचं. हे इंटिग्रेशनचं चिन्ह दिसून राहिलं? हे?'

पाहिलं. वरून वाकडं, खालून वाकडं, मधात सरळ. म्हटलं, 'हा तं हूक आहे! कापसाच्या गाठी ओढायचा आमचा लोखंडी हूक!'

म्हणे, 'हाव, हूकच. आता गणित सोडवता सोडवता कुठंतरी हा हूक जाईल. ज्या ओळीत हूक गेला, त्या ओळीच्या शेवटी अधिक सी पाहिजे. नसला, तं तुम्ही काठी वाजवायची. टक! बस.'

अशी मले नोकरी लागली. काठी वाजवायची नोकरी!

आता तुम्हाले सांगतो, जवळ बसलं की माणसाले प्रश्न पडतेच. म्हटलं, 'या गणितात असते काय वं?' तं म्हणे, 'आबाजी, एखादी गोष्ट किती वेगानं बदलून राहिली तेवढंच सांगतलेलं असते. ती गोष्ट मुळात काय आहे, ते आपण शोधायचं.' मी म्हटलं, 'मंग तिलेच जाऊन विचार ना!' पोरगी कपाळाले हात लावते. पुढं पाहतो तं काय... वर डी, खाली डी! अपूर्णांक! माझा चौथीतला! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हाच! म्हटलं, 'काट! वरचा डी काट, खालचा डी काट, सारखं असलं की काटायचं, एवढं मले येते!'

'आबाजी, ते काटत नाहीत.'

'काहून? कोणाचे जावई आहेत का ते?'

'ते दोन वेगळे डी नाहीत, ते सगळं मिळून एकच आहे.'

'मंग अपूर्णांकासारखं काहून लिवते?'

'आबाजी... काठी पकडा.'

पकडली. पण सी चं काही डोक्यातून जाईना. दोन दिवस टक टक करत राहिलो, अन् तिसऱ्या दिवशी म्हटलं, 'गुंजन, काठी वाजवतो मी, तक्रार नाही, पण हा सी आहे तरी कोण? कुठून येते? अन् याच्याशिवाय एवढं अडते कोणाचं?' तवा पेन खाली ठेवलं पोरीनं. म्हणे, 'आबाजी, असं पाहा. गणितात सरळ रस्त्यानं जाताना दर वेळी एखादा सुटा आकडा गळून जाते. पाच असो, सात असो, निशाणीही राहत नाही. आता आपण उलटे वापस येऊन राहिलो, तं तो किती होता हे आपल्याले ठाऊक नाही. पण काहीतरी होतं, असू शकते ना? म्हणून त्याची जागा ठेवायची. त्या जागेचं नाव सी.'

मी काठी बाजूले ठेवली. कारण काय सांगू ताई... सीझनमध्ये जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की आमची पाळी कधी सुटन याचा नेम नव्हता. सांजच्याले सुटन, का पहाटे. अन् पंचफुला काय करे? ताट वाढून ठेवे, वर दुसरं ताट झाकून. मी कधी येईन, किती भाकरी खाईन, खाऊनच येईन का... काही ठाऊक नाही. पण ताट आहे! झाकलेलं! आमच्या घरी अजूनही तसंच, घरचा माणूस बाहेर असला की त्याचं ताट झाकून ठेवल्याशिवाय ती बाई घास उचलत नाही. म्हटलं, 'म्हणजे सी म्हणजे झाकलेलं ताट!'

पोरीनं माझ्याकडं पाहिलं अन् हसली हो. निकालानंतर पहिल्यांदा हसली. पंचफुला पोळपाट सोडून दारात आली, काय झालं म्हणून पाहायले!

मंग काय विचारता! घरात सी चा कारभार सुरू झाला. वरणात मीठ नाही... जितेंद्र पहिल्या घासाले म्हणे, 'आई, सगळं बरोबर, पण सी कुठाय?' त्याच्या दुकानातून कूलर गेला, पंपच बसवायचा राहिला, गिऱ्हाईक फोनवर बोंबलते, अन् हा इकडं माझ्याकडं पाहून म्हणते, 'बाबा, काठी वाजवायची ना!'

अन् गणितं एकेक काय होती! एक आलं जंतूंचं. म्हणे जंतू किती आहेत त्या हिशेबानं वाढतात, तं इतक्या तासांनी किती होतील? पंचफुलानं ते आतून ऐकलं. झालं! त्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं वापस घासलं बाईनं. गुंजन म्हणे, 'आजी, ते पुस्तकातले जंतू आहेत वं!' 'पुस्तक ठेवलं कुठं होतं? ओट्यावरच ना?' आता याच्यावर काय बोलशील!

दुसरं आलं गरम वस्तूचं. ऐंशी अंशांवरून दहा मिनिटांत साठ अंशांवर आली, खोलीचं तापमान वीस अंश, तं चाळीसवर कधी येईन? म्हटलं, 'थांब, थांब. खोलीचं किती?' 'वीस.' 'कोणाच्या घरी?' तुम्हीच सांगा, मे महिना, नागपूर, कूलर गरम हवा फेकून राहिला, माठातल्या पाण्यात हात घातला तं आंघोळीचं वाटते, अन् पुस्तक म्हणते खोली वीस अंश! म्हटलं, 'ही वस्तू चाळीसवर येतच नाही. घराच्या बाहेर चव्वेचाळीस आहे, कुठून येईन?' पोरगी म्हणे, 'आबाजी, मानायचं असते.' बरं बापा, मानलं. तिनं हूक लावला, हूक गेला, अन् ओळीच्या शेवटी... टक! 'सगळं बरोबर, पण सी कुठाय?' 'हाव हाव, लिवते.' असा आमचा उन्हाळा गेला. हळूहळू टक कमी झाली. मले वाटे, चला, पोरगी वळणावर आली.

अन् मंग मी घाण केली.

काय झालं, परीक्षेच्या आधी नंदिनी मॅडमनं सरावाचा पेपर दिला होता. म्हणे घरी सोडव, घेऊन ये, मी तपासते अन् तुझ्या बाबांना सांगते तयारी कितपत झाली ते. पोरीनं सोडवला. सकाळी ती न्हाणीत, कागद खाटेवर. मी चहा पीत सहज चाळून राहिलो होतो. तं शेवटी शेवटी पाहतो काय... उत्तर आहे, खाली रेघ मारली आहे, अन् सी नाही! पुढचं. सी नाही! त्याच्या पुढचं. सी नाही! चहाचा कप खाली ठेवला हो. डोळ्यांपुढं कळमेश्वरचं खोकं अन् चिकटपट्टी! हाक मारू का? न्हाणीत आहे. थांबू का? ती निघाली की केस बांधून तशीच पळते. मंग मनात म्हटलं, रुपराव, काठी वाजवायची नोकरी आहे तुझी, अन् तू काय नुसता पाहत बसतो? उचललं पेन. सी काढायले काय लागते? अर्धी बांगडी! एकेका उत्तराच्या शेवटी, चांगला मोठा, मास्तर पाटीवर काढत तसा, अधिक सी, अधिक सी, अधिक सी... कागद जसेच्या तसे ठेवले अन् जाऊन तुळशीले पाणी घातलं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

दुपारी फोन. जितेंद्रले. 'गुंजनला अन् आजोबांना घेऊन या.' आजोबांना! मी टोपी घातली. गेलो. मॅडमचा चष्मा कपाळावर. म्हणे, 'गुंजन, हे काय आहे? चहा चाळीस अंशांवर यायला किती वेळ लागेल? उत्तर... सत्तावीस मिनिटं, अधिक सी! म्हणजे नक्की किती मिनिटं थांबायचं? इकडं जंतूंची संख्या, अधिक सी! सुरुवातीची किंमत दिली होती, तू सी ची किंमत काढलीस, ती घातलीस, उत्तर आलं... अन् परत सी?'

मी खाली पाहून राहिलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो मले त्या दिवशी दिसला. अन् पोरगी काय म्हणते? पोरगी म्हणते, 'मॅडम, मीच लिवलं. चुकून.'

ऐकून राहिल्या ना? मी लिवलं म्हणते! जितेंद्र तिथंच उसळला, 'आधी टाकत नव्हती, आता जिथं तिथं टाकून राहिली? मंग एवढ्या दिवसांत शिकली काय तू? राहू दे मॅडम, मी उद्याच कळमेश्वरले फोन करतो.' अन् माझ्या तोंडातून, ज्या तोंडातून हाव निघेपर्यंत भात करपते ना, त्याच तोंडातून खाडकन निघालं, 'जितेंद्र, चूप बस. ते माझं अक्षर आहे.'

मॅडमले अक्षराचा संशय आधीच होता, म्हणून तं मले बोलावलं; त्यांनी कागद उजेडात धरला. गुंजनचा सी पाहिला, मुंगीएवढा. माझा पाहिला, कंकणाएवढा. अन् हसायले लागल्या, अशा हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर आला. म्हणे, 'आजोबा, का हो?' म्हटलं, 'ताट झाकायचं राहिलं होतं, म्हणून झाकलं.' त्यांना काही कळेना, मंग गुंजननं सगळं सांगतलं, जिनिंग, पाळी, पंचफुला, झाकलेलं ताट. मॅडमनं चष्मा पुसला. मंग म्हणे, 'अगदी बरोबर आहे, आजोबा. पण मला सांगा, माणूस घरी आला, झाकण काढलं, जेवला, हात धुतले... मग आजी परत ताट झाकून ठेवतात का?'

'कायले ठेवन?'

'मग ज्या गणितात सांगितलंय की सुरुवातीला इतकं होतं, तिथं माणूस घरी आला. सी जेवला. आता ताट उचलायचं.'

बापा! हे मले कोणी सांगतलंच नव्हतं! मी आपला सगळ्या जेवलेल्या माणसांपुढं ताटं मांडत सुटलो होतो!

मॅडम जितेंद्रले म्हणाल्या, 'हे बाजूला काढलं तर पेपर चांगला आहे. फक्त आजोबा, आता काठी नको. परीक्षेच्या खोलीत तुम्ही नसणार. तिला तिचं तिलाच आठवलं पाहिजे.' बरोबर आहे. नोकरी गेली माझी. म्हटलं, बसू तं शकतो ना जवळ? 'बसा. पण बोलायचं नाही, वाजवायचं नाही, खोकायचंही नाही.' खोकण्याचं मॅडमले कसं कळलं कोणास ठाऊक!

तवापासून मी जवळ बसतो अन् हात मांडीखाली दाबून ठेवतो. अन् ताई, काल संध्याकाळी... काल संध्याकाळी विसरली हो ती एका ठिकाणी. हूक गेला. मी डोळे फाडून पाहून राहिलो. सी नाही. जीभ दातांत धरली. भिंतीकडं पाहिलं. पंचफुला म्हणते, 'काय हो, पोटात दुखते का?' पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं, अन् ती पुढच्या गणिताले लागली. रात्रभर तो सी माझ्या छातीवर बसून होता.

आज सकाळी या गेटवर आलो. कबूल केलं होतं, तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून. नाही काढला. पण ती आत वळली तशी काठी आपोआपच आपटली हो माझ्या हातून. टक! चौकीदार वस्सकन अंगावर आला, 'ओ बाबाजी, किसको डरा रहे हो?' म्हटलं, 'कोणाले नाही बाबू, जमीन पक्की आहे का पाहून राहिलो.'

अन् एक गोष्ट कोणाले बोललो नाही, तुम्ही अनोळखी म्हणून सांगतो. निघाली पोरगी तं अमरावतीले जाईन. मंग कोणाजवळ बसू? पंचफुलानं तं आत्तापासूनच विचारलं, 'ती तिकडं जेवन, पण मी तिचं ताट इकडं झाकून ठेवू का नको?' काय सांगू तिले! म्हटलं, ठेव. पास तं होऊ दे आधी. पास झालीच पाहिजे हो... एवढा बसलो तिच्याजवळ, ते का तिले इथंच बसवून ठेवायले?

टण... टण... टण... ऐकलं? सुटला! उठा ताई, सुटला! तो पाहा तुमचा येऊन राहिला असन, तो हसून राहिला तो का? बरं आहे, बरं आहे... आमची कुठं आहे... ती! ती पाहा, निळी ओढणी! हसून नाही राहिली. रडूनही नाही राहिली. आली... आली... काय वं गुंजन? कसा गेला? नाही, मी काही विचारत नाही, तू सांगितलंच आहे ना, मी काही नाही...

काठी? माझी काठी कायले घेऊन राहिली?

टक... पाहा ताई, काठी वाजवून राहिली! टक... म्हणजे एका गणितात सी टाकला! टक... तोही टाकला! टक... वा गं माझी माय! टक... अन् हे शेवटचं... उचलली काठी... वरच धरून राहिली... माझ्याकडं पाहून राहिली... हळूच खाली टेकवली. वाजवली नाही. दिली माझ्या हातात वापस. अन् चालली... अवं गुंजन! थांब वं! काही बोलशील का नाही?... चालली! अहो ताई, तुमच्या पोराले विचारा ना जरा... ते शेवटचं गणित होतं, त्यात सी जेवून गेला होता, का ही ताट झाकायचंच विसरली?